कच्च्या रंगाचे पक्के समर्थन

कापडाच्या दुकानात शिरलेले मराठी गिऱ्हाईक भाव विचारण्याच्या थोडे आधी किंवा लगेच नंतर एक प्रश्न हमखास विचारते : "रंग जाणार नाही ना?" दुकानदाराचे उत्तर खरे असो वा खोटे, त्या प्रश्नाला मान होता. रंग जाणे हा कापडाचा दोष आहे याविषयी विकणारा आणि घेणारा यांच्यात दुमत नव्हते. हाताने रंगवलेल्या नव्या कापडाच्या गोधड्या प्रदर्शनांतून आणि शहरी दुकानांतून मांडल्या जाऊ लागल्या, तसे या प्रश्नाला एक निराळे उत्तर मिळू लागले. रंग जाईल, थोडा जाणारच, कारण तो नैसर्गिक आहे. किंबहुना तो गेला तरच समजावे की माल अस्सल आहे. म्हणजे दोष हाच गुण ठरला, आणि प्रश्न विचारणारा अरसिक.

प्रस्तुत लेख या उत्तराविरुद्ध आहे. हाताने कापड रंगवण्याविरुद्ध तो नाही, वनस्पतिजन्य रंगांविरुद्ध नाही, आणि नव्या गोधडीविरुद्ध तर नाहीच. माझे प्रतिपादन असे की, अंथरुणा-पांघरुणाच्या कापडात कच्चा रंग राहतो तो निसर्गामुळे नव्हे, अपुऱ्या कामामुळे. गोधडीत तो इतर कोणत्याही वस्त्रापेक्षा अधिक नुकसान करतो. आणि त्याचे समर्थन करताना या देशातल्या रंगाऱ्यांनी शतकानुशतके जमवलेल्या ज्ञानाचा आपण नकळत अवमान करतो.

जुन्या गोधडीला हा प्रश्न का पडला नाही

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, कर्नाटकाच्या सीमेकडे कौदी म्हणा. ती जुन्या कापडाची असे. विरलेली लुगडी, धोतरे, मुलांची झबली, जे अंगावर घालण्याजोगे उरले नाही ते थरांवर थर ठेवून धावदोऱ्याने शिवले जाई. या जुनेपणाबद्दल आपल्याकडे पुष्कळ हळवे लिहिले गेले आहे : आजीची ऊब, आईच्या लुगड्याचा वास इत्यादी. या हळवेपणात एक अगदी व्यावहारिक गोष्ट झाकली गेली. दहा वर्षे नेसून, दगडावर आपटून, उन्हात वाळवून जे लुगडे गोधडीत येई, त्यातला जो रंग जायचा तो केव्हाच गेलेला असे. जो उरला तो व्याख्येनेच पक्का. तेच आटण्याचे. जेवढे आटायचे तेवढे ते कापड आधीच आटलेले असे. गोधडी शिवणाऱ्या बाईला रंगाच्या पक्केपणाची चिंता करावी लागली नाही, याचे कारण ती चिंता काळाने तिच्यासाठी आधीच करून ठेवली होती. प्रत्येक ठिगळ परीक्षा देऊन आलेले होते.

आता नव्या गोधडीकडे पाहा. कोरे मांजरपाट आणले, रंगवले, वाळवले, कापले आणि शिवायला घेतले. यात काळ कुठेच नाही. जुन्या लुगड्याने दहा वर्षांत जे केले, ते रंगवणाऱ्याला आठ-पंधरा दिवसांत आपल्या ज्ञानाने आणि कष्टाने करायचे आहे. हाताने रंगवलेल्या कापडाची गोधडी ही परंपरेची सरळ पुढची पायरी आहे असे आपण मानतो, तेव्हा हा फरक नजरेआड होतो. परंपरेतून आपण टाका उचलला, चौकडे उचलले, नावही उचलले. रंगाची हमी मात्र जुन्या कापडाबरोबर मागे राहिली. ती नव्याने कमवावी लागते.

गोधडीत ही हमी का हवी, तेही नीट पाहावे. साडीचा रंग गेला तर साडी फिकी होते. नुकसान तिचे तिच्यापुरते. गोधडीत मात्र लाल पांढऱ्याला खेटून असतो, निळा पिवळ्याला. शिवाय ती जाड असते. धुतल्यावर आतले थर पाणी धरून ठेवतात आणि ती तासन्‌तास ओली राहते. सुटलेल्या रंगाला शेजारच्या तुकड्यात शिरायला एवढा वेळ पुष्कळ झाला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की काय होते ते आपली म्हण सांगते. इथे तर वाणही लागतो. आणि झालेले नुकसान दुरुस्त होत नाही, कारण तो एक तुकडा काढायचा तर त्यावरून गेलेले शेकडो टाके उसवावे लागतात.

माझ्या नात्यातल्या एका बाळासाठी घेतलेल्या दुपट्याचे असेच झाले. पहिल्याच धुण्यात त्यातला गुलाबी रंग सगळ्या पांढऱ्या चौकोनांत उतरला. विकणाऱ्यांचे म्हणणे ठरलेले होते : हातकाम आहे, असे होतेच. दुपट्याचे पैसे गेले याचे मला फारसे वाटले नाही. वाटले ते त्या टाक्यांचे. बोटभर अंतरावर, एकसारखे, कुठेही दोरा न ओढता घातलेले टाके होते ते. ज्या कोणी बाईने ते घातले तिची चूक काहीच नव्हती. रंगवणाऱ्याने वाचवलेल्या एका दुपारीने तिच्या काही आठवड्यांच्या श्रमावर पाणी पडले, तेही रंगीत. हातकामाच्या नावाने एका हाताच्या आळसाचे समर्थन करताना दुसऱ्या हाताची मेहनत मातीत जाते, हे त्या ठरलेल्या उत्तरात येत नाही.

निसर्गावर घेतलेला आळ

वनस्पतींचे रंग टिकत नाहीत हे विधान इतके सर्रास केले जाते की ते खोटे आहे हे सांगायलाही संकोच वाटावा. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगवलेला आढळला. त्याला चार हजारांहून अधिक वर्षे झाली. इजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेल्या गुजराती छापील कापडांचे तांबडे आणि निळे रंग शतके उलटली तरी ओळखू येतात. सतराव्या शतकात युरोप भारतीय छिटांच्या मागे लागला तो काही केवळ नक्षीसाठी नाही. धुतले तरी रंग जात नाही, हे तिथल्या सुती कापडाला न जमलेले होते. तिथल्या विणकरांचा धंदा इतका बसला की फ्रान्सने १६८६ साली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी अशा कापडावर बंदी घातली. पुद्दुचेरीच्या बाजूला राहणाऱ्या कर्दू या जेझुइट पाद्र्याने १७४२ साली इथल्या रंगाऱ्यांची कृती पायरीपायरीने लिहून मायदेशी पाठवली. ती कशासाठी? पक्क्या रंगाचे गुपित हवे होते म्हणून. ज्या देशाचा रंग पक्का म्हणून जगाने त्याची हेरगिरी केली, त्याच देशात आज त्याच झाडपाल्याच्या नावावर कच्चा रंग खपवला जातो.

हे गुपित होते तरी काय? कापसाचा धागा बहुतेक वनस्पतिजन्य रंगांना स्वतःहून धरून ठेवत नाही. म्हणून आधी कापडाची खळ आणि मेण उकळून काढायचे, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून त्याला तुरटपणा द्यायचा, मग तुरटीत बुडवायचे, आणि त्यानंतर मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांच्या काढ्यात हळूहळू तापवायचे. हिरड्यातील टॅनिन धाग्याला चिकटते, तुरटीतील ॲल्युमिनियम टॅनिनला, आणि रंग ॲल्युमिनियमला. या साखळीमुळे पाण्यात विरघळणारा रंग धाग्यातच न विरघळणारा होऊन बसतो. तुरटीऐवजी लोखंड वापरले की हिरड्याशी त्याचा काळा होतो. पण लोखंडाचे प्रमाण चुकले तर तेच कापडाला खाते. जुन्या छापील कापडांत इतर नक्षी शाबूत आणि काळ्या रेघांच्या जागी भोके, असे दिसते ते यामुळे. निळीची तऱ्हा वेगळी. ती पाण्यात विरघळतच नाही. चुना आणि गूळ घालून मुरवलेल्या रांजणात तिचे रूप पालटते, कापड हिरवट-पिवळे होऊन बाहेर येते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. दाट रांजणात एकदाच बुडवून काढलेली गडद निळाई वरवरची असते आणि हाताला लागते; पातळ रांजणात पुन्हापुन्हा बुडवून चढवलेली निळाई आत मुरते. दोन्ही नैसर्गिकच, आणि दोन्ही हाताचीच. फरक आहे तो कामात.

सगळेच झाडपाल्याचे रंग पक्के असतात असे मी म्हणत नाही. हळद उन्हात उडते, साबण लागला की तांबडी होते. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग टिकत नाही. ती वस्त्रे पुन्हा पुन्हा रंगवून घ्यावी लागत. पण हे जुन्या रंगाऱ्याला ठाऊक होते. कच्च्या रंगाला त्याच्याकडे जागा होती, ती सणाच्या आणि प्रसंगाच्या वस्त्रात. कोणता रंग कुठे चालेल याचा विवेक म्हणजेच त्याची विद्या. आज एकदिवसीय शिबिरांत बीट, जास्वंद, हळद यांचे पाणी काढून मीठ किंवा व्हिनेगर घातले की रंग पक्का होतो असे सांगतात. सुती कापडावर या दोहोंपैकी एकही रंगबंधक नाही. काही रासायनिक रंगांना कापडाकडे ढकलण्यास मीठ मदत करते, व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमावरच्या विशिष्ट रंगांसाठी होतो. बिटाचा रंग सुतावर दोघेही बांधू शकत नाहीत. बिटाने रुमाल रंगवून मुलांना गंमत दाखवावी, त्याला कोणाचीच हरकत नाही. त्याच रुमालाचे चौकोन कापून गोधडीत घालणे आणि ती विकणे हा निराळा व्यवहार आहे.

'रसायन' नावाचा बागुलबुवा

कच्च्या रंगाच्या समर्थनामागे एक सोपी विभागणी असते : एका बाजूला निसर्ग, दुसऱ्या बाजूला रसायन. ही विभागणी फार दूर जात नाही. विल्यम पर्किनने १८५६ साली पहिला कृत्रिम रंग बनवला. त्यानंतर १८६८-६९ मध्ये अलिझरीन आणि १८९७ पासून नीळ कारखान्यात तयार होऊन बाजारात आली. हे अलिझरीन आणि युरोपीय मंजिष्ठेच्या मुळातले अलिझरीन एकच. कारखान्यातली नीळ आणि झाडाच्या पानातून मिळणारी नीळ यांचा मुख्य रेणूही एकच. दुसरीकडे, 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडावर मोरचुदासारखे रंगबंधक वापरलेले असू शकते, आणि ते गटारात सोडणे काही निसर्गपूजा नव्हे. तुरटी त्या मानाने सौम्य. लेबलावर झाडाचे नाव असते, रंगबंधकाचे नसते.

कृत्रिम रंगांची वकिली मला करायची नाही. काही ॲझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली त्यांवर बंदी आणली आणि त्याच दशकात भारतानेही निर्बंध घातले. ते योग्यच झाले. १९५६ पासून बाजारात असलेले, धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग आज हाताने कापड रंगवणारे पुष्कळ लोक वापरतात. त्यांची भुकटी श्वासातून जाणे घातक आहे, त्यांना मीठ आणि सोडा लागतो, आणि न जुळलेला रंग काढायला आधी थंड व मग कढत पाण्याने पुन्हापुन्हा धुवावे लागते. हे शेवटचे धुणे वाचवले की हा रंगही गोधडीत सुटतो. तेव्हा मात्र निसर्गाचे नाव घेता येत नाही म्हणून 'हातकाम' हा शब्द पुढे केला जातो. सबब बदलते, आळस तोच.

निसर्गाच्या निरागसतेबद्दल आणखी एक. १८५९-६० साली बंगालचे शेतकरी ज्या नीळवाल्यांविरुद्ध उठले, आणि १९१७ साली चंपारण्यात गांधीजी ज्यांच्या जुलमाची चौकशी करायला गेले, ते झाडाची, शंभर टक्के नैसर्गिक नीळच पिकवून घेत होते. रंग कुठून आला यावरून तो न्याय्य ठरत नाही. तो कोणी, कोणत्या अटींवर आणि किती नेकीने केला, यावरून ठरतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सौंदर्याचा. विटलेला रंग सुंदर असतो. जपानातल्या निळ्या ठिगळांच्या जुन्या गोधड्या संग्रहालयांत का ठेवल्या जातात? मान्य. पण विटणे आणि सुटणे या दोन गोष्टी आहेत. वापराने, अंगाच्या घर्षणाने, उन्हाने रंग हळूहळू निवतो तेव्हा वस्तूला वय येते. पहिल्या धुण्यात बादली लाल होते तेव्हा वस्तूला वय येत नाही, तिचा बेरंग होतो. आणि ज्यांनी त्या जपानी गोधड्या वापरल्या त्यांनी विटलेपण विकत आणले नव्हते.

दुसरा आक्षेप अचूकपणाचा. 'पक्का' असा एकच गुण नसतो, हे खरे. निळीचा रंग धुण्याला आणि उन्हाला चांगला टिकतो, घासण्याला कमी. शास्त्रीय मोजणीतही ऊन, धुणे आणि घासणे यांचे अंक वेगवेगळे देतात : उन्हासाठी १ ते ८, बाकीच्यांसाठी १ ते ५. मग तेच सांगा. 'घासला तर हाताला थोडा लागेल, धुतला तर शेजारी उतरणार नाही' हे वाक्य प्रामाणिक आहे. 'नैसर्गिक असल्याने थोडा फरक संभवतो' हे वाक्य काहीच सांगत नाही, आणि काहीच न सांगण्यासाठीच ते लिहिलेले असते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत भावनिक, आणि म्हणून सगळ्यांत फसवा. लहान कारागीर, गावातले बचतगट, गरीब बायका. त्यांच्याकडून प्रयोगशाळेची अपेक्षा करायची का? प्रयोगशाळा कोण मागतो आहे? ओल्या पांढऱ्या फडक्याने रंगीत कापड घासून पाहायला काय लागते? रंगीत तुकडा पांढऱ्याला टाचून साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवायला, किंवा एका पट्टीचे अर्धे अंग पुठ्ठ्याखाली झाकून ती महिनाभर उन्हात टांगायला किती भांडवल हवे? अशी कसोटी मागणे अन्याय नाही. कारागिराला ती झेपणार नाही असे आधीच गृहीत धरणे, आणि त्याच्या मालाला दयेपोटी विकत घेणे, हा अन्याय आहे. कच्छमधील धमडक्याच्या खत्रींनी अशी दया मागितली नाही. मोहम्मद सिद्दिक खत्री यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अजरखाचे जुने वनस्पतिजन्य रंग पुन्हा हाती घेतले. पुढे २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचे प्रमाण इतके वाढले की रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. भूकंपाने घरे पडली होती हे खरेच. पण नवी जागा निवडताना त्यांनी पाणी पाहिले. पाण्याचा गुण बिघडला म्हणून गाव हलवणाऱ्यांची विद्या आणि मिठाच्या चिमटीने रंग पक्का करणाऱ्यांचे शिबीर या दोहोंना आपण 'हातकाम' हा एकच शब्द वापरतो, यात भाषेचेही नुकसान आहे.

निळे हात

या सगळ्यात नाव कोणाचे उरते, हेही विचारले पाहिजे. महाराष्ट्रात रंगारी होते, भावसार होते, निळीचे काम करणारे निराळी होते. आलाच्या मुळांनी खारवा नावाचे जाडे लाल कापड रंगवणारे होते. पुण्याच्या भाऊसाहेब जावळ्यांना भाऊ रंगारी म्हणत, ते घराण्याच्या शालू रंगवण्याच्या व्यवसायावरून; शहराने गणपती लक्षात ठेवला, शालू विसरले. रंगाऱ्याच्या कामाला प्रतिष्ठा कधी नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने विकू नयेत अशा वस्तूंच्या यादीत मद्याच्या शेजारी नीळ आणि लाख आहेत. ज्या रांजणाच्या वासामुळे आणि कोपरापर्यंत निळ्या झालेल्या हातांमुळे रंगाऱ्याला गावाने दूर ठेवले, त्याच निळ्या हातांचे छायाचित्र आज विक्रीच्या पत्रकावर मधोमध छापले जाते. चेहरा मात्र चौकटीबाहेर असतो, नाव तर नसतेच. आणि त्या हातांची खरी मिळकत जी, म्हणजे रंग पक्का करण्याची विद्या, तिचीच गरज नाही असे त्या पत्रकाच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हाताने रंगवलेल्या कापडाची गोधडी विकताना चार गोष्टी लिहाव्यात : रंग कशाचा, रंगबंधक कोणते, धुण्याची आणि उन्हाची काय परीक्षा केली, आणि रंगवले कोणी व शिवले कोणी. जिथे रंग खरोखरच कच्चा आहे तिथे तसे स्पष्ट म्हणावे आणि ती वस्तू भिंतीवर टांगायला विकावी, अंथरायला नव्हे. किंमत वाढेल, वाढावीच. पंधरा दिवसांच्या कामाचे मोल एका दुपारच्या कामाइतके असू नये.

आणि घेणाऱ्यांनी तो जुना प्रश्न विचारताना ओशाळू नये. रंग जाणार नाही ना, हे विचारणे म्हणजे कारागिरावर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याने हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठ यांची गणिते बसवली आहेत, तो या प्रश्नाची वाट पाहत असतो, कारण त्याला उत्तर देता येते.